शेजारी भाडेकरू, दारात कचरा

या महिन्याच्या टपालात एकाच तक्रारीची बरीच पत्रं आहेत: शेजारचं घर भाड्यानं दिलेलं, मालक भलतीकडे राहतो आणि कचरा आमच्या दारात. निवडक प्रश्न घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : शेजारच्या तीन मजली बंगल्यात कॉलेजची बारा मुलं भाड्यानं राहतात. मालक परगावी. उष्टं, पार्सलचे डबे, खोकी असं सगळं काळ्या पिशव्यांत बांधून फाटकाबाहेर, आमच्या भिंतीला टेकवून ठेवतात. रात्री कुत्री पिशव्या फाडतात. मुलांना तीनदा सांगितलं. 'हो काकू' म्हणतात, चार दिवसांनी पुन्हा तेच. तक्रार नेमकी कुणाकडे करायची? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

तक्रारीकडे येऊच, पण आधी एक चौकशी करा. तुमच्या गल्लीत कचरा न्यायला ज्या ताई येतात त्यांना विचारा, 'त्या बंगल्याचे पैसे येतात का?' पुण्यात बऱ्याच भागांत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद घरोघरचा कचरा नेतात आणि त्यासाठी प्रत्येक घरानं महिन्याला ठरलेलं शुल्क द्यायचं असतं. भाड्याच्या घरात हे शुल्क हमखास लटकतं. मालकाला वाटतं मुलं देतील, मुलांना वाटतं भाड्यात आलं. दोन-तीन महिने पैसे आले नाहीत की ताई त्या फाटकाशी थांबत नाहीत. मग पिशवी बाहेर ठेवण्यावाचून मुलांना दुसरी सोयच उरत नाही. मुलांचं 'हो काकू' खोटं नसतं, निरुपयोगी असतं.

दुसरी अडचण वेळेची. ताई सकाळी सात-आठला येतात, मुलं तेव्हा झोपलेली. म्हणून डबा असा ठेवायचा की कुणालाही न उठवता तो रिकामा करता येईल: फाटकाच्या आतल्या बाजूला, कडीला हात पोचेल अशा जागी, साखळीनं अडकवलेला. फाटकाला कुलूप असेल तर ही व्यवस्था पहिल्याच दिवशी फसते.

तिसरी अडचण डब्याच्या मापाची, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. शहरात माणशी दिवसाला साधारण 400 ते 500 ग्रॅम कचरा धरतात. बारा जणांचा झाला 5 ते 6 किलो. त्यातला निम्मा ओला, म्हणजे 3 किलोच्या आसपास. तो जड असतो आणि 10 लिटरच्या बादलीत मावतो. उरलेला निम्मा सुका वजनाला तेवढाच, पण फुगीर. खोकी, थर्मोकोल, बाटल्या, प्लास्टिकचे डबे मिळून दिवसाला 40-50 लिटर जागा सहज खातो. अशा घरात बहुतेक वेळा मालकानं दिलेला एकच 10-15 लिटरचा डबा असतो. तो दुपारीच भरतो आणि संध्याकाळपासून पिशव्या सुरू होतात. बारा जणांना ओल्यासाठी 25-30 लिटरचा घट्ट झाकणाचा डबा आणि सुक्यासाठी 120 लिटरचा चाकांचा डबा लागेल. ओल्याचं माप मुद्दाम दुपटीहून जास्त सांगितलं आहे, कारण ताईंची सुट्टी पडली की दोन दिवसांचा माल साठतो. खोकी उघडून चपटी करून ठेवायला सांगा, अर्धी जागा तिथेच वाचते.

एवढं कळल्यावर बोलायचं ते मालकाशी. मुलं जूनमध्ये बदलतील, तुमची तीन वेळची समजावणी त्यांच्याबरोबर जाईल. मालकाचा नंबर मुलांकडे किंवा घर दाखवणाऱ्या एजंटाकडे असतोच. तो मिळाला नाही तर महापालिकेच्या मिळकतकराच्या ऑनलाइन नोंदीत मिळकतीवर कुणाचं नाव आहे ते दिसतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहूनही खरेदीदाराचं नाव काढता येतं.

मालकाला एका पानाचं पत्र लिहा. त्यात रागापेक्षा तारखा जास्त असाव्यात. गेल्या दोन आठवड्यांत कचरा बाहेर दिसला त्या तारखा आणि वेळा, तारीख-वेळ छापून येणाऱ्या कॅमेरा ॲपवरचे चार-पाच फोटो, आणि नेमक्या तीन मागण्या: वर दिलेल्या मापाचे दोन डबे, कचरा नेण्याचं शुल्क मालकानं स्वतः भरणं, आणि मुलांपैकी एकाचं नाव जबाबदार म्हणून कळवणं. मुदत 15 दिवस. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पोचीचा कागद जपून ठेवा, शिवाय त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. फक्त व्हॉट्सॲपवर भागवू नका, पुढे कार्यालयात कागदच मागतात. बरेचसे मालक इथेच हलतात, कारण 2-3 हजारांच्या डब्यांपेक्षा लेखी तक्रारीची डोकेदुखी मोठी वाटते.

नाही हलले तर महापालिका. पुण्यात 'पीएमसी केअर' या महापालिकेच्या तक्रार ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकाकडे तक्रार करता येते. मात्र शब्द जपून वापरा. 'आमच्या गल्लीत कचरा पडला आहे' असं लिहिलंत तर गाडी येईल, ढीग उचलेल, फोटो काढेल आणि तक्रार निकाली निघेल. तिसऱ्या दिवशी ढीग पुन्हा हजर. त्याऐवजी लिहा: 'अमुक क्रमांकाच्या मिळकतीतून रोज सार्वजनिक रस्त्यावर अविलगीकृत कचरा टाकला जातो. मिळकतधारकास नोटीस देऊन दंडात्मक कारवाई करावी.' (अविलगीकृत म्हणजे ओला-सुका वेगळा न केलेला.) मिळकत क्रमांक, तारखा आणि मालकाला पाठवलेल्या पत्राची प्रत जोडा. पहिल्या तऱ्हेची तक्रार सफाई कर्मचाऱ्याकडे जाते, दुसरी निरीक्षकाच्या टेबलावर. टोकन क्रमांक लिहून ठेवा आणि 'निकाली' असा संदेश आला, पण नोटीस गेलेली नसेल तर ती पुन्हा उघडायला सांगा.

महिनाभर काहीच झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपये शुल्क, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रश्न एकच ठेवा: अमुक टोकनवर कोणत्या तारखेला कोणती कारवाई झाली, नोटिशीची प्रत द्या. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका. 'का'ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो आणि अर्ज तिथेच अडतो. पालिकेच्या लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर ऐकतात त्या दिवसाचा, रस्ताही आहे. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. आदल्या शुक्रवारी जाऊन उपयोग नाही.

शेवटचा उपाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 चा. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133, नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे.) सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. इथे 'सार्वजनिक' या शब्दाला वजन आहे. एकट्या तुमच्या भिंतीचा त्रास म्हणून अर्ज केलात तर 'हा खासगी वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा' असं ऐकावं लागेल. रस्ता अडतो, दुर्गंधी गल्लीभर पसरते, आणखी चार घरांच्या सह्या आहेत असा अर्ज असेल तर तो चालतो.

पिशव्या उचलून परत त्यांच्या फाटकात टाकू नका. त्या क्षणी प्रकरण 'दोघंही टाकतात' असं होतं. पिशवीत पार्सलची चिठ्ठी सापडली तर तिचा फोटो निरीक्षकाला द्यायला चांगला पुरावा आहे. गल्लीच्या ग्रुपवर मात्र नावासकट टाकू नका, अब्रुनुकसानीची नोटीस उलट तुम्हालाच येईल.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या एका सभासदानं फ्लॅट भाड्यानं दिला आहे. भाडेकरू स्वयंपाकघराच्या खिडकीतून डक्टमध्ये कचरा टाकतात. त्यांचं पाणी तोडावं असा कमिटीत विचार चालू आहे. दंड करता येतो का? (एक सचिव, डोंबिवली)

पाणी तोडू नका. ते केलंत की डक्टचा विषय मागे पडेल आणि सोसायटीच आरोपी होईल. भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 नं मालकालासुद्धा भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडायला मनाई केली आहे.

सोसायटीचा धागा सभासदाशी आहे, भाडेकरूशी नाही. म्हणून नोटीस सभासदाच्या नावानं काढायची. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटी चालवण्याच्या नमुना नियमांप्रमाणे) सभासदाला फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, पण 8 दिवस आधी कळवणं आणि करारनाम्याची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणं अपेक्षित आहे. ती प्रत तुमच्या फायलीत आहे का ते आधी बघा. उपविधी भंगाच्या दंडाची तरतूद उपविधी 165 मध्ये आहे: आधी नोटीस, मग कारणे दाखवा, सभासदाला म्हणणं मांडायची संधी, आणि रक्कम सर्वसाधारण सभेनं ठरवायची, आर्थिक वर्षाला जास्तीत जास्त 5,000 रुपये. कमिटीनं परस्पर बिलात 'कचरा दंड 2,000' लावला तर सभासद निबंधकाकडे जातो आणि जिंकतो. तुमच्या सोसायटीनं कोणत्या वर्षीचे आदर्श उपविधी स्वीकारले आहेत तेही तपासा, क्रमांक आणि मजकूर बदललेला असू शकतो. बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं देतो तेव्हा सोसायटी घेते ते) वाढवून वसुली करायची कल्पना कुणी मांडेल. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर नेता येत नाही, 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशापासून.

कोण टाकतं हे सिद्ध करणं अवघड असतं, कारण डक्टला सहा मजल्यांच्या खिडक्या असतात. एकदा डक्ट पूर्ण साफ करून घ्या आणि तळाशी, जमिनीपासून 6-7 फुटांवर, उतरती नायलॉनची जाळी लावा. सकाळ-संध्याकाळ वॉचमननं जाळीचा फोटो काढायचा. दोन आठवड्यांत वेळ आणि वस्तू यांवरून मजला कळतो. कॅमेरा लावणार असाल तर तो तळाकडून जाळीकडे रोखलेला हवा, खिडक्यांकडे नाही. डक्टमध्ये बाथरूमच्या खिडक्याही उघडतात हे विसरू नका. सफाईच्या वेळी तळाची नाली आणि चेंबर उघडून बघा. वरून पडलेली भाजीची देठं, सॅनिटरी पॅड आणि पिशव्या तिथे अडकतात आणि पावसाळ्यात तळमजल्याच्या न्हाणीतून पाणी उलटं येतं. ती तक्रार वेगळी म्हणून येते, मूळ हेच असतं.

प्रश्न : शेजारच्या भाड्याच्या खोल्यांमागच्या ढिगावर आम्हीच आठवड्यातून दोनदा ब्लीचिंग पावडर टाकतो. तरी माश्या आणि घुशी कमी होत नाहीत. प्रमाण वाढवावं का? (एक वाचक, नाशिक)

नाही. ब्लीचिंग पावडरमधला क्लोरीन सडक्या अन्नाशी लगेच संपून जातो आणि वरचा इंचभर थर पांढरा दिसतो. अंडी आणि अळ्या खालच्या ओल्या थरात मजेत असतात. उबदार हवेत घरमाशीची अंडी दिवसाच्या आत फुटतात आणि 7 ते 10 दिवसांत नवी माशी उडते. म्हणजे ओला कचरा आठवड्यातून दोनदा पूर्ण हलला तर चक्र तुटतं, पावडर कितीही टाकली तरी तुटत नाही. आधी ढीग उचला, जमीन खरवडा, भरपूर पाण्यानं धुवा, आणि पावडर त्या धुतलेल्या, ओलसर जागेवर शिंपडा. तिथे ती काम करते. टॉयलेट साफ करायचं ॲसिड त्याच जागी त्याच दिवशी ओतू नका, दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू निघतो.

घुशींचं बीळ बुजवायला माती पुरत नाही, रात्रीत उकरतात. काचेचे तुकडे आणि सिमेंट मिसळून किमान 6 इंच आत भरा. त्याआधी बिळाच्या तोंडात कागदाचा बोळा घालून दोन दिवस बघा. बोळा हलला नाही तर बीळ रिकामं आहे, मगच बुजवा. नाहीतर घूस आत मरते आणि आठवडाभर वास येतो. नारळाच्या करवंट्या, टायर, उघडे डबे ढिगात असतील तर ते वेगळे काढून पालथे करा. डेंग्यूच्या डासालाही साठलेल्या पाण्यात अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवसच लागतात. साफसफाई करणाऱ्याला रबरी बूट आणि हातमोजे द्या. पावसात उंदरांच्या मुताच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो.

प्रश्न : समोरच्या प्लॉटवर भाडेकरू रोज संध्याकाळी कचरा पेटवतात. प्लास्टिकचा धूर घरात येतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उघड्यावर कचरा जाळायला पूर्ण बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं 22 डिसेंबर 2016 च्या आदेशात साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. तक्रारीत या आदेशाचा उल्लेख करा आणि ज्वाळा दिसणारा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ जोडा. राखेच्या फोटोवर कारवाई होत नाही. प्लॉट कुणाचा आहे ते लिहा, रिकाम्या प्लॉटच्या मालकालाही नोटीस जाते आणि तो कुंपण घालतो. धुराचा निम्मा प्रश्न कुंपणानंच सुटतो.

प्रश्न : मी दुसरी बाजू मांडतो. माझा 2 बीएचके चार मुलींना दिला आहे. शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. करारात काय घालू? (एक घरमालक, पुणे)

चांगला प्रश्न, असा विचार करणारे मालक थोडे. करार नोंदणीकृत हवा, भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार ती जबाबदारी तुमचीच आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात 'परिसर स्वच्छ ठेवावा' असलं मोघम कलम नको, ते कुणी वाचत नाही. असं लिहा: कचरा नेण्याचं मासिक शुल्क मालक भरेल (भाड्यात मिळवून घ्या, पण भरणा तुमच्या हातात ठेवा). कचरा फक्त अमुक जागी, दिलेल्या डब्यांत ठेवायचा. पालिकेचा किंवा सोसायटीचा कचऱ्याबद्दलचा दंड पावती दाखवून अनामतीतून वळता होईल. घर सोडताना गाद्या, फर्निचर, भंगार स्वतः न्यायचं, नाही तर उचलण्याचा प्रत्यक्ष खर्च अनामतीतून. 'प्रत्यक्ष' हा शब्द ठेवा, मनमानी रक्कम कापली तर वाद तुमच्यावर उलटतो.

चौघींना ओल्याला 10-12 लिटर, सुक्याला 50-60 लिटर पुरेल. सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा छोटा तिसरा डबा आणि जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा द्या. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात कचरावेचकांनीच रुजवली. उघडी पुडकी हातानं वेगळी करावी लागली की कोणतीही ताई त्या दारावर नाखूश असणारच. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या घनकचरा नियमांत वर्गीकरण चार भागांत आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे बल्ब, औषधं, रंगाचे डबे वगैरे. चौथ्यासाठी वेगळा डबा नको, एक पिशवी कपाटात अडकवली की झालं.

किल्ल्या देताना मुलींना ताईंची ओळख करून द्या. पाच मिनिटं लागतात, आणि करारातल्या चार कलमांपेक्षा जास्त उपयोग होतो.

प्रश्न : मे-जूनमध्ये खोल्या रिकाम्या होतात आणि जुन्या गाद्या, मोडके पलंग रस्त्यावर येतात. रोजची गाडी ते नेत नाही. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नेणारच नाही, या वस्तू रोजच्या घरगुती कचऱ्यात धरत नाहीत. प्रभाग कार्यालयात अवजड वस्तूंसाठी वेगळी मागणी नोंदवावी लागते. लोखंडी पलंग, कूलर, पत्रा भंगारवाला उलट पैसे देऊन नेतो. अडते ती कापसाची गादी, आणि एकदा भिजली की तिला कुणीच हात लावत नाही. म्हणून पहिल्या पावसाआधी मालकाला गाठा. त्यात विटा-फरशीचा राडारोडा मिसळू देऊ नका, त्याची वाहतूक आणि शुल्क वेगळं असतं आणि मिसळलेला ढीग दोन्ही गाड्या नाकारतात.

प्रश्न : चाकणजवळच्या आमच्या गावात कामगारांसाठी खोल्यांच्या चाळी झाल्या आहेत. शेजारच्या चाळीत पन्नास माणसं. घंटागाडी आठवड्यातून एकदा. सगळं ओढ्यात जातं. (एक वाचक, खेड तालुका)

आठवड्याच्या गाडीला सुका कचरा थांबू शकतो, ओला नाही. पन्नास माणसांचा ओला दिवसाला 10-12 किलो निघेल, तो जागेवरच जिरवायला हवा. चाळमालकाकडे जागा असतेच. कचऱ्याचं खत करणारं नाडेप टाकं बांधायला सांगा: 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतीत विटा सोडून ठेवलेली भोकं. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची ही पद्धत, नावही त्यांच्यावरूनच. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच पालापाचोळा किंवा पाचट, मग शेणाचा काला आणि बोटभर माती. नुसतं उष्टं ओतलं तर टाकं आंबतं आणि अळ्या पडतात. लोक 'नाडेप चालत नाही' म्हणतात ते बहुधा याच कारणानं. भरल्यावर शेणमातीनं लिंपायचं, साडेतीन-चार महिन्यांत खत. म्हणून टाकी दोन लागतात, एक भरेपर्यंत दुसरं पिकतं. वर पत्रा हवा, नाहीतर पावसाळ्यात चिखल होतो.

सुक्यासाठी चाळीच्या तोंडाशी 200 लिटरची दोन पिंपं, तळाला भोकं पाडून, विटांवर उभी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) अर्ज द्या, पण 'गाडी वाढवा' एवढंच लिहू नका. घरपट्टीच्या नमुना 8 मध्ये त्या चाळीच्या खोल्या नोंदवल्या आहेत का हे विचारा. बऱ्याच ठिकाणी तिथे एकच घर दाखवलेलं असतं आणि पंचायतीची स्वच्छतेची आकारणीही एकाच घराची होते. नोंद दुरुस्त झाली की पंचायतीला पैसे मिळतात आणि दुसऱ्या फेरीची मागणी ग्रामसभेत मांडायला आधार मिळतो.